परवाना मुक्ताअक्काच्या नावाचा

हवालदारानं माठ उचलायला दोन्ही हात पुढे केले तेव्हा मुक्ताअक्का मंडपाच्या मागच्या कापडाआडून आली आणि तिनं उजवा हात कोपरापर्यंत माठात घातला. हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे तो सहज गेला.

"आता उचला," ती म्हणाली.

हवालदार थांबला. परक्या बाईचा हात धरून ओढायचा कसा, हे त्याला कोणी शिकवलं नसावं. त्यानं कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. मंडपातल्या सगळ्या बायका मागे सरकल्या. पोलिसाला भिऊन नाही, तो तर आधीच आत येऊन उभा होता. हळदीकुंकवात विधवा आली म्हणून सरकल्या.

माठात लॉटरीच्या तिकिटांचे अर्धे तुकडे होते. त्यावर आमच्या वस्तीची बाळंतपणाची खोली अवलंबून होती. खोलीच्या भिंती उभ्या होत्या. छप्पर, फरशी आणि टेबल यांचे पैसे त्या सोडतीतून यायचे होते. माठ कचेरीत गेला असता तर भिंती तशाच राहिल्या असत्या, आणि मंडपात सतरंजीवर पाय पसरून बसलेली सातव्या महिन्यातली सरला बैलगाडीत घालून पुण्याला न्यावी लागली असती. हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. सरलालाही.

मी चौथी शिकलेली बाई आहे. लिहायची सवय नाही. पण मुक्ताअक्काबद्दल हल्ली जे सांगतात ते ऐकून राग येतो. तिला देवी करून टाकलंय. ती देवी नव्हती. तोंडानं फटकळ होती, तपकीर ओढायची आणि पैसे घेतल्याशिवाय कोणाचं बाळंतपण करायची नाही. नवऱ्याला पगार नसला तर शेरभर ज्वारी घ्यायची, पण घ्यायची.

आमची वस्ती चिंचवड स्टेशनच्या अलीकडे रुळाला लागून होती. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. कोणी साताऱ्याकडचं, कोणी कोकणातलं, कोणी मराठवाड्यातून आलेलं. पुरुष खडकीला, देहूरोडला नाहीतर पिंपरीत नव्यानं निघालेल्या औषधाच्या कारखान्यात जायचे. अक्का मात्र इथलीच, ताथवड्याची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून सुईणीचं काम. आमच्या वस्तीत एक खोली घेऊन राहायची.

ती कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. आधी पायाकडे बघायची. रस्त्यात एखादी पोटुशी भेटली की चालता चालताच म्हणायची, "पाय सुजल्यात. मीठ कमी कर." आणि पुढे जायची. बाकीच्यांना भेटली की म्हणायची, "हात दाखव." नखं वाढलेली दिसली तर त्या घरात पाणीसुद्धा घ्यायची नाही. स्वतःची नखं ती ब्लेडनं इतकी बारीक काढायची की बोटांची टोकं लाल दिसत. एका फडक्यात लाल साबणाची वडी बांधलेली असायची. ते फडकं कमरेला.

बाळंतिणीच्या खोलीत तिचा कायदा चाले. मुलामागून वार पडेपर्यंत चहा नाही. कोणी रडायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं तर मनात. माझ्या शेजारणीच्या वेळी तिची सासू आत येऊन उगाच घाई करायला लागली. अक्का म्हणाली, "घाई बाळाला आसंल. तुला कशापायी?" आणि तिच्या तोंडावर दार लावलं. सासू बाहेर शिव्या देत बसली. नवरा विचारायला आला तर त्याला म्हणाली, "तुझं काम मागंच झालं. आता गप बस."

एवढं असून बारशाला तिला बोलावत नसत. पाचवीला जेवणाचं ताट घरी पोचवत, पण नाव ठेवायच्या दिवशी सवाष्णी लागत. ज्या हातानं मूल बाहेर आलं तो हात पाळण्याच्या दोरीला चालत नसे. मीही तेव्हा यात काही वेगळं पाहिलं नाही. तशीच रीत होती. अक्कानंही कधी तक्रार केली नाही. ताट आलं की झाकण उचलून बघायची आणि म्हणायची, "भात गार झालाय."

तिची स्वतःची मुलगी पुण्याच्या मोठ्या दवाखान्याकडे बाळंतपणाला नेताना दापोडीच्या पुलाअलीकडे बैलगाडीतच दगावली. अक्का बरोबर होती. हे मला इतरांनी सांगितलं. ती एकदाच बोलली, तेही खोलीचा विषय निघाला म्हणून. "गाडी हलती," ती म्हणाली. "हलत्या गाडीत मला हात चालवता येत न्हाई. मला न हलणारी जागा पायजे. बास."

बायकांच्या मंडळाच्या अध्यक्षा कुसुमताई होत्या. औषधाच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरच्या पत्नी. पुण्याच्या, शिकलेल्या. सरला त्यांचीच मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. अक्कानं तिचे पाय पाहिले, पोटावर हात फिरवला आणि कुसुमताईंना सांगितलं, "मूल आडवं बसतंय. फिरलं तर फिरलं. पण हिला गाडीत घालायची न्हाई." तेव्हापासून कुसुमताई खोलीच्या मागे लागल्या. लॉटरी काढायची कल्पना त्यांचीच. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवात तिकिटं विकायची, पहिलं बक्षीस शिवणाचं यंत्र.

लॉटरीला परवाना लागतो असं कळलं, आणि इथे सगळ्यांचे नवरे आडवे आले. कुसुमताईंचे यजमान म्हणाले, जुगाराच्या कागदावर माझ्या घरातलं नाव नको, नोकरी जाईल. दुसऱ्यांनीही तेच म्हटलं. माझ्या नवऱ्यानं तर कारणही दिलं नाही, नुसतं नाही म्हणाला. अक्काला नाही म्हणणारा नवरा नव्हता. म्हणून परवाना तिच्या नावाचा.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पुण्याला कचेरीत मला बरोबर नेलं. अव्वल कारकून चष्म्याचे, हडकुळे, मंद आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी अटी वाचून दाखवल्या. मिळकत खर्च वजा जाता धर्मादाय कामाला. कोणाचा खाजगी फायदा नाही. बक्षीस रोख द्यायचं नाही. तिकिटं समारंभाच्या जागेतच आणि समारंभ चालू असतानाच विकायची, बाहेर एकही नाही. सोडत तिथेच, सगळ्यांसमोर, सूर्यास्ताच्या आत. परवानाधारकानं पूर्ण वेळ हजर राहायचं.

"परवानाधारक म्हंजी?"

"तुम्ही."

"आन् म्या न्हाई ऱ्हायले तर?"

"परवाना रद्द. आणि खटला तुमच्यावर."

"बरं," अक्का म्हणाली आणि अंगठा पुढे केला. मग कारकुनाचा हात बघून म्हणाली, "सायेब, नखं काढा." मला जमिनीत जावंसं वाटलं. कारकुनांनी हात टेबलाखाली घेतला.

परत येताना आगगाडीत ती एवढंच म्हणाली, "हळदीकुंकू हाय. मी कुठं बसू?"

या प्रश्नाला मंडळानं उत्तर काढलं. मंडपाच्या मागच्या बाजूला पाल बांधलं, पलीकडे चहाची चूल मांडली आणि अक्काला तिथे बसवलं. कुसुमताई म्हणाल्या, "मंडपातच आहात, फक्त मध्ये कापड आहे." अक्का बसली. जळणाचा धूर तिच्याकडेच जात होता.

घोळ दुसरीकडेच झाला. वस्तीतल्या विधवांनाही तिकिटं हवी होती. खोलीचं काम त्यांनाही पटत होतं, यंत्रही हवं होतं. पण त्यांना मंडपात कसं बोलावणार? मग बायकांनी नेहमी करतात तेच केलं. जी येऊ शकत नाही तिचं वाण घरी पोचवतात. तसे तिळगूळ आणि तिकिटं घेऊन दोघी-तिघी सकाळीच त्यांच्या घरी गेल्या. पैसे घेतले, तिकीट दिलं, नमस्कार केला. आपण कायदा मोडतोय हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. उलट आपण आठवण ठेवली याचं त्यांना बरं वाटत होतं. अक्काला यातलं काही कळवलं नव्हतं.

दुपारी कारकून तपासणीला आले, बरोबर हवालदार. रस्त्यात सायकलीत हवा भरायला रज्जाकच्या दुकानापाशी थांबले. रज्जाकच्या म्हाताऱ्या विधवा आईला सगळे बीबी म्हणत. बीबी ओट्यावर बसली होती. तिनं सरकारी माणूस पाहून कौतुकानं पदराची गाठ सोडली आणि तिकीट दाखवलं. "साहब, जरा देखो तो, मशीन मेरेकूच लगेगी का?"

"कुठे घेतलंत हे?"

"इथंच. घरपोच आणून दिलं ना बायांनी. लई चांगल्या बाया हायत."

कारकून तिथून सरळ मंडपात आले. कुसुमताई माठाशी उभ्या होत्या. सोडत अजून सुरू व्हायची होती. कारकुनांनी विचारलं, तिकिटं बाहेर विकलीत का? कुसुमताई आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, विकली नाहीत, पोचवली. कारकुनांनी हवालदाराला माठ उचलायला सांगितलं. तिथून पुढचं मी वर लिहिलंच आहे.

"परवाना माझ्या नावचा हाय," हात माठातच ठेवून अक्का म्हणाली. "मला बोला. काय झालं?"

कारकुनांनी सांगितलं. अक्कानं ऐकलं. मग वळून बायकांकडे पाहिलं. एकीचंही डोकं वर नव्हतं.

"तुम्ही कुठे होतात?" कारकुनांनी विचारलं.

"पालामागं."

"पालामागे म्हणजे हजर नाही. तुम्ही इथे, सोडतीच्या जागी असायला पाहिजे होतं. बाई, हीसुद्धा अट मोडली."

"आता हाय."

"बाहेर विकलेल्या तिकिटांचं काय?"

कुसुमताई घाईनं पुढे झाल्या. "साहेब, ती तिकिटं रद्द करा. पैसे परत पाठवतो, आत्ताच्या आत्ता. बाकी सगळी इथेच विकली आहेत, देवाशपथ."

कारकुनांनी विचार केला. वाईट माणूस नव्हता तो. पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. "ती तिकिटं माझ्यासमोर माठातून काढा," ते म्हणाले. "एकही आत राहता कामा नये. पैसे परत करा. किंवा ज्यांची आहेत त्यांनी स्वतः इथे येऊन, माझ्यासमोर नव्यानं विकत घ्यावीत. परवानाधारक बाईंनी आता इथून हलायचं नाही. आणि हे सगळं ऊन आहे तोवर. दिवे लागले की मी माठ घेऊन जाणार."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. पैसे परत करायचे, संपलं. कुसुमताईंनी अक्काला म्हटलं, "बसा इथे एका बाजूला. काढा हात."

अक्कानं हात काढला नाही.

"मी बसंन. पर एकटी न्हाई बसायची."

"म्हणजे?"

"ज्यांची तिकिटं हायती त्यांना बोलवा. त्यांनी सकाळी पैकं दिल्यात. इथं येऊन घेतील."

"अक्का, आज हळदीकुंकू आहे."

"मला ठावं हाय. परवाना रांडमुंडीच्या नावचा चालतो आन् तिकीट न्हाई चालत? मग माझा अंगठा कशाला नेला पुण्याला?"

कुसुमताईंनी सरलाकडे बोट केलं. "सरला इथे आहे हो. सातवा महिना आहे तिचा. एवढ्या जणी एकदम... मी पाया पडते तुमच्या."

हे त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच भीती वाटत होती. तिथल्या निम्म्या बायकांना वाटत होती, मलाही वाटत होती. अक्कानं हट्ट सोडला नाही तर खोली जाणार होती, आणि ती खोली सर्वात जास्त अक्कालाच हवी होती. त्या खोलीची गरज तिच्याइतकी कोणाला कळली असेल? तरी ती हात घालून उभी राहिली. ऊन मंडपाच्या निम्म्या कापडावर आलं होतं. हवालदारानं टोपी काढून घाम पुसला.

कोणीतरी मागून पुटपुटलं, "म्हातारी सगळं घालवणार."

अक्काला ऐकू आलं.

मग सरला बोलली. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही. "आई, रोज माझ्या पोटावर हात कोण ठेवतं?"

कुसुमताईंनी अक्काच्या हाताकडे पाहिलं.

"उद्याही तीच ठेवणार आहे. मग आज काय बिघडतंय? आणि मला इथून उठता येत नाहीये, पायाला मुंग्या आल्यात. त्यांनाच येऊ दे."

कुसुमताईंनी हळदीकुंकवाचं तबक उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि त्यावर रुमाल टाकला. परत येऊन त्यांनी माझ्याकडे आणि आणखी दोघींकडे पाहिलं. "जा," म्हणाल्या. "पळा."

घरं शोधावी लागली नाहीत. दरवर्षी बोलावणं करताना तीच घरं वगळायची असत, त्यामुळे पाठ होती.

त्या यायला तयार होईनात. म्हातारी काशी म्हणाली, "माझी थट्टा करायला आलीस व्हय गं?" दुसरीनं दारच उघडलं नाही, आतून म्हणाली, "पैकं ठिवा तुमच्याकडंच." तिसरी रडायलाच लागली. मी तिला सांगितलं, रडायला वेळ नाही, ऊन चाललंय, तिकिटाचा अर्धा तुकडा घेऊन चल. आम्ही परत फिरलो तेव्हा बरोबर कोणीच नव्हतं.

पहिली आली ती बीबी. तिला कोणी बोलवायला गेलंच नव्हतं. रज्जाकनं सांगितलं म्हणून काठी टेकत आली, सरळ मंडपाच्या मध्यात गेली आणि अक्काला म्हणाली, "मी काय चोरून घेतलं का गं? पैसे देके लिया. किदर है मशीन?" यंत्राजवळ जाऊन तिनं चाक फिरवून पाहिलं. हवालदार हसला. मग एक-दोन बायका हसल्या.

तिला जाताना पाहून मागून काशी आली, पदर पार नाकापर्यंत ओढून. मग बाकीच्या, भिंतीच्या कडेनं, एकमेकींना धरून. जिनं दार उघडलं नव्हतं ती मंडपाच्या खांबाशीच थांबली. कारकून म्हणाले, "बाई, खांबाच्या आत या. खांबाबाहेर चालणार नाही." ती पाऊलभर आत आली.

तेव्हा अक्कानं हात बाहेर काढला. घामानं कागदाचे कपटे मनगटाला चिकटले होते. ते तिनं एकेक करून परत माठात टाकले.

माठ सतरंजीवर ओतला. प्रत्येकीच्या तुकड्याचा आकडा बघून जोडीचा तुकडा शोधायचा होता. सगळ्या जणी गुडघ्यावर बसलो. कोणाचं डोकं कोणाला लागत होतं, सवाष्ण कोण आणि विधवा कोण हे बघायला कोणाला सवड नव्हती. वाचता येणाऱ्या थोड्या, म्हणून उशीर होत होता. काशीचा तुकडा सापडेना. ऊन कापडावरून उतरून रुळांवर गेलं. कारकून दोनदा मंडपाबाहेर जाऊन पश्चिमेकडे बघून आले. शेवटी तो तुकडा सरलाच्या पायाखाली निघाला.

जुनी तिकिटं फाडली, पैसे परत दिले, तेच पैसे परत घेऊन नवी तिकिटं दिली. कारकुनांनी प्रत्येक वेळी मान हलवली. माठ भरला. कुसुमताईंनी डोळे मिटून चिठ्ठी काढली. यंत्र लागलं ते कोकणातल्या एका बाईला. तिला शिवण येत नव्हतं. तिनं ते पुढे भाड्यानं दिलं. बीबी महिनाभर तिच्याशी बोलत नव्हती.

जाताना कारकुनांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. "परवानाधारक हजर." बस्स एवढंच. अक्कानं त्यांना तिळगूळ दिला, तेव्हा त्यांनी आधी पंजे उलटे करून तिला दाखवले. नखं काढलेली होती.

छप्पर होळीच्या आधी चढलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला सरलाला कळा सुरू झाल्या. मी पाणी तापवायला होते, म्हणून मला दिसलं. मूल फिरलं होतं पण अर्धवट, पाय आधी येत होते. कुसुमताई दाराबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत सरला ओरडायची थांबली, तेव्हा त्या उठल्या आणि दाराला हात लावला. मी आत पाहिलं. अक्का टेबलाशी वाकली होती, डोळे मिटून. हातानं बघत होती. कपाळाचा घाम भुवईवरून गळत होता आणि तो पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मी पदरानं पुसला. "सर," ती म्हणाली. "उजेड अडवू नगंस." एवढंच. पुढे किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मूल निळं आलं. अक्कानं त्याला पालथं धरलं, पाठीवर चोळलं, तोंडातलं काढलं, परत चोळलं. त्या खोलीत चुलीवरच्या पाण्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता. मग ते रडलं.

अक्कानं हात धुतले, लाल साबणानं, कोपरापर्यंत, दोनदा. मग चहा मागितला.

पुढच्या वर्षी संक्रांतीला विधवांना बोलावलं का, असं आताच्या पोरी विचारतात. नाही बोलावलं. खोटं कशाला सांगू? फक्त सरलाच्या मुलीच्या बारशाला अक्काला बोलावणं गेलं होतं. ती आली नाही. म्हणाली दुसरीकडं बाई अडलीय, आणि ती खरंच अडलेली होती.

काही वर्षांनी खोलीत शिकलेली नर्स आली. अक्काला पाणी तापवायला ठेवलं, मग तेही बंद झालं. मी तिला शेवटची पाहिली ती त्या खोलीच्या पायरीवर. दात गेले होते, तपकीर चालू होती. मी तिच्या बाजूनं भाजी घेऊन चालले होते. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हात दाखव." मी पिशवी खाली ठेवून दाखवला. तिनं बोटं उलटी-सुलटी करून पाहिली आणि सोडून दिली. त्या पावसाळ्यात ती ताथवड्याला भावाकडे गेली आणि तिथेच वारली. मला चार दिवसांनी कळलं.

सरला जगली. तिची मुलगीही जगली. दोघी अजून आहेत.